मृगाआधी गवंडी बोलवा

प्रति,
संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि (विशेषकरून) खजिनदार,
मुलुंड, ठाणे, बोरिवली, कांदिवली, गोरेगाव



येऊरच्या पायथ्याशी एका सोसायटीत मी एकवीस वर्षं राहते आहे. त्यातली सहा वर्षं खजिनदार होते, म्हणजे शिव्या खाण्याचा अनुभव तुमच्याइतकाच आहे. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे उद्यानाची हद्द सुरू होते. मुंबई-ठाण्याच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात तुळशी आणि विहार हे दोन तलाव, आणि त्याच्या कडेकडेने आपण. फ्लॅट घेताना बिल्डरने 'जंगल व्ह्यू'चे चौरस फुटामागे जादा पैसे लावले, ते आपण हौसेने मोजले. पहिल्या पावसात त्याच खिडकीतून गोम आत आली की मात्र आपण सचिवांना फोन करतो.

मग व्हायचं ते होतं. समितीच्या बैठकीत 'पेस्ट कंट्रोलचं कंत्राट' हा विषय येतो, तीन कोटेशनं मागवली जातात, त्यातलं स्वस्त मंजूर होतं. तीन महिन्यांनी एक मुलगा पाठीवर पंप लावून येतो, जिन्याच्या कोपऱ्यांत चुरचुर फवारतो, वॉचमनच्या रजिस्टरवर सही घेतो आणि जातो. वास दोन दिवस टिकतो. झुरळं त्याहून जास्त टिकतात. सहा वर्षं या कंत्राटाच्या चेकवर मीच सही करत होते, त्यामुळे हे पत्र म्हणजे थोडा कबुलीजबाबही आहे.

माझं डोकं ठिकाणावर आलं ते एका मण्यारीमुळे.

चार वर्षांपूर्वी, जुलैच्या एका पहाटे, आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनने केबिनमधली घडी घातलेली चादर उचलली आणि आतून मण्यार खाली पडली. निळसर काळं अंग, त्यावर बारीक पांढरे आडवे पट्टे. हा माणूस रात्री पुठ्ठ्याचं खोकं उलगडून जमिनीवरच पाठ टेकायचा. त्या रात्री छत गळत होतं म्हणून तो खुर्चीवर बसून राहिला, एवढंच. मण्यार चावली तरी फारसं दुखत नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि मग श्वास. घरचे म्हणतात, रात्री बाहेरचं खाल्लं असेल.

सर्पमित्र आला, त्याने साप पिशवीत घेतला आणि वन विभागाला कळवून पुढची सोय केली. संध्याकाळी आमची तातडीची सभा भरली. अशी गर्दी वार्षिक सभेलाही होत नाही. तीन ठराव झाले: भिंतीलगतची सगळी झुडपं छाटायची, कडेने कार्बोलिक ॲसिड ओतायचं आणि वन विभागाला कडक शब्दांत पत्र द्यायचं. तिन्ही अंमलात आणले. आठ दिवस आवारात दवाखान्यासारखा वास येत होता. ऑगस्टमध्ये त्याच केबिनच्या मागे दुसरी मण्यार निघाली.

तेव्हा मी एक रात्र केबिनसमोर खुर्ची टाकून बसले. नवऱ्याने मला वेड्यात काढलं. पण दोन तासांत जे दिसलं, ते कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेलं नव्हतं. केबिनच्या कपाळावर आम्ही मोठ्या कौतुकाने पांढराशुभ्र एलईडी फ्लडलाइट बसवला होता. त्याच्याभोवती हजारो किडे. किडे पडतात तिथे खाली बेडूक टपून बसलेले, भिंतीवर पाली. केबिनच्या मागच्या बाजूला एक बादली, तिच्यात सहा मजल्यांवरून कुत्र्यांसाठी येणाऱ्या पोळ्या आणि उरलेला भात. बादलीपाशी उंदीर. मण्यार काय खाते? बेडूक, पाली, उंदीर, शिवाय दुसरे साप. म्हणजे रोज संध्याकाळी साडेसहाला बटण दाबून आम्हीच मण्यारीचं ताट वाढत होतो, आणि त्या ताटाशेजारी एका माणसाला जमिनीवर झोपवत होतो.

दिवा काढून लांब फाटकापाशी खांबावर लावला, पिवळ्या उजेडाचा, तोंड खाली केलेला. बादली बंद. केबिनच्या दाराखाली रबराची पट्टी. वॉचमनला बाज आणि मच्छरदाणी, तीही गादीखाली नीट खोचलेली. मच्छरदाणी डासांइतकीच मण्यारीलाही अडवते, हे खेड्यापाड्यांत काम केलेला कुठलाही डॉक्टर सांगेल. सगळा खर्च एका तिमाहीच्या फवारणीपेक्षा कमी आला. त्यानंतर साप दिसले नाहीत असं नाही. आपण जंगलाशेजारी राहतो, दिसणारच. पण ते भिंतीकडेने आपल्या वाटेने जाणारे. केबिनमध्ये एकही नाही.

मला एवढंच सांगायचं आहे की जंगल आपल्या घरात घुसत नाही. आपल्या इमारती त्याला तीन गोष्टी देऊन बोलावतात: खाणं, पाणी आणि फट. औषधाचा पंप यातल्या कशालाच हात लावत नाही.

फटींचंच बघा. एकदा तुमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात सिंकखाली गुडघे टेकून टॉर्च मारा. सांडपाण्याचा पाइप भिंतीतून जिथे बाहेर जातो, तिथे प्लंबरने पाइपापेक्षा दीडपट मोठं भोक पाडलेलं असतं आणि त्यात कापडाचा बोळा कोंबलेला असतो. आमच्याकडे तो जुन्या परकराचा होता, एका बाजूने कुरतडून त्याची लोकर झालेली. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून घरातला लहान उंदीर आत येतो, अर्ध्या इंचाच्या भोकातून मोठा. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे कुरतडणं त्याला भागच आहे. कापड, थर्माकोल, फोम, एम-सील, काहीही लावा, तो वेळ काढून पोखरतो. तारेची घासणी मात्र त्याला चावता येत नाही. भांडी घासायच्या दोन-तीन घासण्या भोकात घट्ट कोंबायच्या आणि वरून सिमेंटचा गिलावा द्यायचा. आमच्या गवंड्याने एका दिवसात अकरा स्वयंपाकघरं उरकली. मजुरीपेक्षा चहाच जास्त लागला.

डक्टमध्ये वाकून बघायचं धाडस ज्याने केलं त्याला ठाऊक आहे की तो आपल्या इमारतीचा खरा जिना आहे. पाइपांवरून उंदीर सातव्या मजल्यापर्यंत सहज चढतो. डक्टच्या तळाला वर्षानुवर्षांचा मलबा, कबुतरांची घाण, एखादा पडलेला मोजा. तो तळ वर्षातून एकदा साफ करून वर जाळी बसवली तर निम्मं काम होतं. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला जाळी आहे का बघा, आणि न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. ट्रॅपमधलं पाणी सुकलं की गटारातली मोठी तपकिरी झुरळं सरळ वर येतात. परदेशी गेलेल्या सभासदांच्या बंद फ्लॅटमधून शेजाऱ्याकडे झुरळं का येतात, त्याचं बऱ्याचदा हेच उत्तर असतं. आणि खिडकीला टेकलेली आंब्याची फांदी म्हणजे मुंग्या-उंदरांचा पूलच. ती छाटायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून अर्ज लवकर करा. फांदी म्हणतेय मी. झाड नव्हे.

आता खाण्याबद्दल. इथे मी थोडी अप्रिय होणार आहे.

कचऱ्याचे डबे उघडे असतात तिथे उंदीर, घुशी आणि भटकी कुत्री जमतात. कुत्री जमतात तिथे बिबट्या येतो, कारण उद्यानाच्या कडेने फिरणाऱ्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. २००४ साली उद्यानाच्या भोवताली बिबट्यांच्या हल्ल्यांत किती जीव गेले, ते इथल्या जुन्या लोकांना आठवतं. पुढे २०११ मध्ये उद्यान प्रशासनाने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. त्यात अभ्यासक होते, स्वयंसेवक होते, कॅमेरे लावून बिबट्यांची नोंद झाली, आणि लोकांना सांगायच्या गोष्टींत ठळक गोष्ट निघाली ती ही की कचरा उचला. झुरळापासून बिबट्यापर्यंत सगळ्यांचा रस्ता आपल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यावरून जातो. डब्याला घट्ट झाकण हवं, रात्री कचरा बाहेर ठेवायचा नाही, गाडी सकाळी येते तेव्हाच खाली न्यायचा. तिसऱ्या मजल्यावरून भिंतीपलीकडे 'प्राण्यांना खायला' फेकलेल्या पिशवीला दंड लावा. आमच्याकडे हा दंड पहिल्यांदा भरला तो समितीच्याच एका सदस्याने. नाव विचारू नका, तेव्हा खजिनदार कोण होतं ते वर लिहिलं आहे.

उंदरांच्या विषाबद्दल माझं मत बदललं आहे. ब्रोमाडायोलोनची वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस रक्तस्राव होत सुस्त होऊन फिरतो. असा उंदीर सगळ्यांत आधी कोणाला सापडतो? गव्हाणी घुबडाला, मांजराला. म्हणजे जे फुकटात उंदीर मारतात, त्यांनाच आपण मारतो. जो कोणाला सापडत नाही तो डक्टमध्ये मरतो, आणि मग पंधरा दिवस चौथ्या मजल्याचे फोन सुरू असतात. चिकट पॅड तर वापरूच नका. मी स्वतः त्यावर चिकटलेली पाल, चिचुंद्री आणि एक दयाळ पाहिला आहे. चिचुंद्री उंदीर नाही, ती किडे खाते. तिचा वास सोसवत नसेल तर दाराखालची फट बुजवा. पिंजरा हे जुनं साधन अजूनही उत्तम आहे, त्यात भज्याचा तुकडा लावावा, खोबरं नंतर. फक्त पकडलेला उंदीर भिंतीपलीकडे सोडून हात झटकू नका. तो तुमच्या आधी घरी पोचतो.

धामणीबद्दल थोडक्यात. लांब, पिवळसर-तपकिरी, पळायची घाई असलेला बिनविषारी साप. ती आवारात दिसली तर तुमच्याकडे उंदीर किती झाले आहेत, त्याची ती पावती समजा. साप मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. साप घरात असेल तर लांबून नजर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. चावला तर १०८. दोरी करकचून बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने ओढणं, यातलं काही नको. हलू न देता सरकारी रुग्णालय गाठायचं. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नाही.

वाळवीची गोष्ट वेगळी, कारण ती बोलावल्याशिवायही येते. पहिल्या सरी पडल्या की एखाद्या दमट संध्याकाळी पंखवाले किडे झुंडीने दिव्यांकडे झेपावतात. एका जूनमध्ये मी वरणाला फोडणी देत असताना आमच्या ट्यूबलाइटवर असा हल्ला झाला. दहा मिनिटांत ओट्यावर पंखांचा थर, वरणात पंख, आणि पंख गाळून जोडीजोडीने चालत निघालेले किडे. मुलगा म्हणाला, "आई, हे तर लग्नाचे वऱ्हाडी." बरोबरच होतं त्याचं. नवं वारूळ वसवायला निघालेले हे नर-मादी असतात, आणि त्यातले बहुतेक त्या रात्रीच मरतात. घरातले दिवे अर्धा तास बंद ठेवा, गॅलरीत परातभर पाण्यावर एकच दिवा लावा, काम संपलं. औषधाची गरज नाही.

घाबरायचं ते किडे बाहेरून न येता तुमच्याच चौकटीतून किंवा भिंतीच्या फटीतून निघाले तर. मग जोत्याच्या कडेने, मीटर रूममध्ये, लिफ्टच्या खड्ड्याजवळ पेन्सिलएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या शोधा. एक नळी मधेच इंचभर मोडा आणि दोन दिवसांनी बघा. पुन्हा जोडलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे. इथे मात्र जाणकार माणूस बोलवावाच लागतो. जुन्या इमारतीत वाळवीवर उपचार कसा करायचा, यासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. कंत्राटात त्याचा उल्लेख करा, मग जमीन आणि भिंतीच्या सांध्यात भोकं पाडून औषध मुरवायचं की नुसतं वरून शिंपडून जायचं, हा वाद उरत नाही. फ्लॅट नवा असेल तर बिल्डरकडे पाया भरतानाच्या उपचाराचं हमीपत्र मागा. आणि देवाशपथ, नूतनीकरणात निघालेल्या जुन्या चौकटी आणि प्लायवुडचे तुकडे मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. प्रत्येक सोसायटीत ते असतात. 'कधीतरी उपयोगी पडतील' म्हणून ठेवलेले असतात. वाळवीच्या उपयोगी पडतात.

डासांवर लिहायचं तर पत्र लांबेल. धूर फक्त उडते डास मारतो, कुंडीखालच्या ताटलीतल्या अळ्यांना तो माहीतही नसतो. डेंग्यूचा डास जंगलातून येत नाही. आपल्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये आणि गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घडीत तो आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. बस.

पालापाचोळा हा आमच्याकडे भांडणाचा विषय होता. काही जणांना आवार मार्बलच्या फरशीसारखं लखलखीत हवं असतं आणि मग माळी सगळा पाला भिंतीशी ढकलून ढीग करतो. त्या ओलसर ढिगात विंचू आणि गोमा मजेत राहतात. ढीग इमारतीपासून लांब, जाळीच्या खड्ड्यात करा, खतही होईल. जाळू नका. भिंतीलगत दोन-अडीच फुटांची खडीची पट्टी मोकळी ठेवा, ओली जागा ओलांडून येणाऱ्यांना ती नकोशी वाटते, आणि आलेला दिसतो. तळमजल्यावरच्या लोकांनी पावसाळ्यात बूट झटकून घालायची कोकणातली सवय लावून घ्यावी. लाल विंचवाचा दंश एके काळी कोकणात किती मुलांचा जीव घ्यायचा, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून ते मृत्यू कसे कमी केले, ते आता जगाला माहीत आहे. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण आपल्याला बूट झटकायला पद्मश्री लागत नाही.

काही जण म्हणतील, या बाईला फवारणीच नको आहे. तसं नाही. स्वयंपाकघरातल्या लहान झुरळांवर जेलचे ठिपके चांगले काम करतात, फवाऱ्यापेक्षा कितीतरी चांगले, आणि घरी बोरिक पावडर, कणीक, साखर आणि दुधाच्या गोळ्या करणाऱ्या आजीही बरोबर होत्या. फक्त त्या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवायच्या. मला तक्रार आहे ती बाराही महिने, सरसकट, डोळे मिटून केलेल्या फवारणीची. आणि आग्या मोहोळ दिसलं की टेंभा पेटवणाऱ्यांची. त्या माश्या हंगाम संपला की पोळं सोडून जातात. गॅलरीचं दार तोवर बंद ठेवणं, एवढंच आपल्याकडून अपेक्षित असतं.

आता कामाची गोष्ट. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि आपण ती नेमकी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घेतो. तोवर पाऊस परतीच्या वाटेवर असतो आणि उंदरांची दोन-तीन बाळंतपणं उरकलेली असतात. त्यामुळे हा विषय सभेसाठी राखून ठेवू नका. गवंड्याला, जाळीला आणि झाकणाच्या डब्यांना लागणारी रक्कम व्यवस्थापन समिती आपल्या अधिकारात मंजूर करू शकते. खजिनदारांनो, पेस्ट कंट्रोलच्या कंत्राटातल्या दोन तिमाह्या कापा आणि ते पैसे इकडे वळवा. सभासदांना समजावायला मी येते, चहा पाजा.

येत्या रविवारी रात्री आठ वाजता टॉर्च घेऊन आपल्या इमारतीला एक फेरी मारा. दिवा कुठे आहे, पाणी कुठे साचतं, फट कुठे आहे, बादली कोण ठेवतं, हे एका कागदावर लिहा. वॉचमन कुठे झोपतो तेही बघा, तेच आधी बघा. मृग ७-८ जूनला लागतो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्यात एकही गवंडी मोकळा सापडत नाही.

आपली,
येऊरच्या पायथ्याची एक माजी खजिनदार